तिसरी शिट्टी, तिसरा पर्याय

ज्या माणसाला मी रिपोर्ट लिहायला शिकवलं, तो सुपरवायझर झाला त्या दिवशी केक कापायची सुरी मीच त्याच्या हातात दिली. प्लास्टिकची. न्यू जर्सीतल्या ज्या हॉस्पिटलच्या सिक्युरिटी डेस्कवर मी काम करते, तिथे धारदार वस्तू ठेवायला बंदी आहे. त्या दिवशी ते बरंच झालं.

तो माणूस वाईट नव्हता. माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, नम्र, बुटांना रोज पॉलिश करणारा. पण त्याच्याकडे क्रिमिनल जस्टिसची डिग्री होती आणि माझ्याकडे होतं बार्शीच्या कॉलेजातलं बी.ए.चं पहिलं वर्ष आणि अर्धवट सोडलेलं दुसरं. डायरेक्टरने मला केबिनमध्ये बोलावून समजूत काढली. "यू आर अवर बेस्ट," तो म्हणाला. "पण जाहिरातीत बॅचलर्स डिग्री लिहिली आहे. माझे हात बांधलेले आहेत."

"कोणी बांधले?" मी विचारलं.

तो हसला. मी विनोद केला नव्हता.

ते मी विसरले नाही. विसरायचा प्रयत्नही केला नाही. लोक म्हणतात राग गिळावा, पण गिळलेला राग मला पचत नाही, आणि न गिळलेल्या रागाचा निदान उपयोग तरी होतो. बार्शीला आमचं भांड्यांचं दुकान होतं. गल्ल्यावर मी दहाव्या वर्षापासून बसायचे. लग्न होऊन अमेरिकेत आले तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर होते, काम करायची परवानगी नव्हती. ती मिळाली त्याच आठवड्यात आयसेलिनमधल्या एका साडीच्या दुकानात उभी राहिले. तिथल्या शेठला माझं बोलणं परवडेनासं झालं, कारण गिऱ्हाइकाबरोबर घासाघीस करता करता मी पगारावरही करायचे. तिथून गार्डचं लायसन्स, आणि तिथून हॉस्पिटल. कोणी बोट धरून आणलं नाही. म्हणून कोणी बोट दाखवून अडवलं की माझं डोकं फिरतं.

केकनंतरच्या सोमवारी मी कॉलेजांना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्या तिघांनी चार वर्षं सांगितली. चौथ्या ठिकाणी एक ॲडव्हायझर भेटला, आवाजावरून कंटाळलेला, रिटायरमेंटला आलेला.

"चार वर्षं कशाला लागतात?" मी विचारलं.

"विषय शिकायला, मॅडम."

"आणि विषय आधीच येत असेल तर?"

"तर तुम्ही टेस्ट आउट करू शकता."

म्हणजे वर्गात न बसता थेट परीक्षा द्यायची, पास झालं की त्या विषयाचं क्रेडिट आपल्या नावावर. समाजशास्त्र, मानसशास्त्र, नीतिशास्त्र, पोलीस यंत्रणा, तुरुंग व्यवस्था, अशा एकेका विषयाची एकेक परीक्षा. मी विचारलं, "जास्तीत जास्त किती?" तो म्हणाला, बहुतेक लोक आधी विचारतात की कमीत कमी किती शिकावं लागेल. जास्तीत जास्त कुणी विचारत नाही. मी म्हणाले, दोन्ही एकच आहे, फक्त तुम्ही गल्ल्याच्या कुठल्या बाजूला बसलात त्यावर आहे.

बार्शीच्या गुणपत्रिकेसाठी आम्ही दोघं तीन आठवडे भांडलो. तो म्हणायचा जुनी आहे. मी म्हणायचे, जुनी झाली म्हणून काय मार्क उडून गेले? शेवटी मराठी साहित्याच्या पेपरचे क्रेडिट त्याने 'ह्युमॅनिटीज' म्हणून मान्य केले, अर्थशास्त्राचे मात्र नाकारले. ते मला अजून पटलेलं नाही.

मग वर्षभर अभ्यास. शिफ्टच्या आधी पार्किंगमध्ये गाडीत बसून, मोठ्याने पाठ करत. मला मनात वाचलेलं राहत नाही. लहानपणापासून ओठ हलल्याशिवाय डोक्यात काही शिरत नाही. जेल वेगळं आणि प्रिझन वेगळं, हे ऐकून मी आधी पुस्तकावरच चिडले. आपल्याकडे दोन्ही तुरुंगच. इथे खटला चालू असताना ठेवतात ते जेल आणि मोठी शिक्षा झाल्यावर पाठवतात ते प्रिझन. प्रोबेशन शब्दाने तर दोनदा दगा दिला. आमच्याकडे प्रोबेशनवर बँकेतला नवा क्लार्क असतो, इथे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सोडलेला गुन्हेगार. पण एकदा ओळख झाल्यावर विषय आवडू लागला. कुणाला कधी अडवता येतं, कुणाची झडती कधी घेता येते, आरोपीला काय विचारायचं आणि काय नाही. डेस्कवर ज्या गोष्टी मी सवयीने करत होते त्यांना नावं होती, आणि नावं माहीत असणाऱ्यांना बढती होती.

एकेक परीक्षा पास होत गेले. आणि शेवटचा एकच पेपर उरलेला असताना डायरेक्टरने नोटीस लावली. नव्या इमारतीसाठी आणखी एक सुपरवायझर हवा. पात्रता, बॅचलर्स डिग्री. अर्ज महिनाअखेरपर्यंत, डिग्रीच्या पुराव्यासह.

मी नोटिशीचा फोटो काढला आणि त्याच संध्याकाळी शेवटच्या पेपरची तारीख घेतली. फौजदारी प्रक्रियेचा पेपर. घरूनच द्यायचा, लॅपटॉपवर, कॅमेऱ्यासमोर. दुसऱ्या कुठल्या तरी गावात बसलेला एक निरीक्षक आपल्यावर नजर ठेवतो.

परीक्षा सकाळची. नवऱ्याचं ऑफिस घरूनच, कॉम्प्युटरचं काम, दुपारी त्याची लांबलचक मीटिंग असते आणि त्याआधी त्याला जेवायला लागतं. म्हणून मी बसायच्या आधी कुकरला डाळ-भात लावला.

"अहो, तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा. मला उठता येणार नाही."

"हो."

"हो काय? काय सांगितलं मी?"

"अगं, तीन शिट्ट्या. कळतं मला."

मी बेडरूममध्ये जाऊन टेबलाशी बसले. निरीक्षक तरुण असावा. आवाज कोवळा, स्वर मात्र मुख्याध्यापकाचा. लॅपटॉप उचलून खोली दाखवा. छत दाखवा. टेबलाखाली दाखवा. केस मागे घ्या, कान दाखवा. भिंतीवरचं मराठी कॅलेंडर त्याने उतरवायला लावलं. त्याला वाटलं चौकोनांत काहीतरी लिहून ठेवलंय. लिहिलेलं होतंच, एकादशी आणि दूधवाल्या गुजराती भाभींचा नंबर. मी उतरवलं. मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या आणि उतरवलं.

पेपर सुरू झाला. चांगला चालला होता. मग स्वयंपाकघरातून पहिली शिट्टी आली. मी एक प्रश्न सोडवला. दुसरी आली. पुढचा प्रश्न गाडीच्या झडतीचा होता: पोलिसाने चालकाला आधीच बेड्या घालून पोलिसांच्या गाडीत मागच्या सीटवर बसवलंय, आता वॉरंट नसताना तो चालकाची गाडी तपासू शकतो का, आणि कशाच्या आधारावर. चार पर्याय, चारही शहाण्यासारखे दिसणारे. तिसरी शिट्टी झाली. मी तिसरा पर्याय निवडला, आणि गॅस बंद झाल्याचा आवाज येईना म्हणून माझ्या तोंडून निघालं:

"अहो, तीन झाल्या! बंद करा!"

उत्तर नाही. हेडफोन लावून महाराज गॅरेजमध्ये फोनवर होते, ते नंतर कळलं.

निरीक्षकाचा आवाज आला. "मॅम, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"माझ्या नवऱ्याशी," मी म्हणाले. खरं तेच सांगितलं, आणि त्याहून वाईट उत्तर शोधून सापडलं नसतं.

"परीक्षेत दुसऱ्या व्यक्तीशी बोलता येत नाही. आणि तो आवाज कसला आहे?"

चौथी शिट्टी चालू होती. "प्रेशर कु..." मी म्हणाले आणि थांबले. सिक्युरिटीत काम करणाऱ्या माणसाने कुकरच्या बॉम्बचे स्फोट झालेल्या या देशात तो शब्द कॅमेऱ्यासमोर जपून उच्चारावा. "राइस," मी म्हणाले. "भात होतोय."

"भाताचा असा आवाज?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. "तुझ्या आईने घरात कधी डाळ शिजवली नाही का?" मी इंग्रजीत विचारलं, आणि ज्या पट्टीत विचारलं ती पट्टी डेस्कवर दारुड्यांसाठी राखून ठेवलेली आहे.

पलीकडून कीबोर्डवर काहीतरी टाइप केल्याचा आवाज आला. सहाव्या शिट्टीला नवरा धावत आला आणि गॅस बंद झाला. मी पेपर पुरा केला. शेवटी स्क्रीनवर 'उत्तीर्ण' आलं आणि मी खुर्चीतून उठून आधी कुकर उघडला. डाळ तळाला लागली होती.

"विसरलात ना?"

"अगं, फोन आला..."

"मी पास झाले," मी म्हणाले, म्हणून तो त्या दिवशी वाचला.

दोन दिवसांनी निकाल रोखल्याचा ईमेल आला, आणि पाठोपाठ परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या एका बाईंचा फोन. त्यांचं काम कॉपीची प्रकरणं बघायचं. आवाज मऊ, शब्द मोजलेले. निरीक्षकाच्या अहवालात असं लिहिलं होतं: शेजारच्या खोलीतून ठरावीक अंतराने तीन मोठे आवाज आले. प्रत्येक आवाजाबरोबर परीक्षार्थीने डाव्या हाताच्या बोटांवर खूण केली. तिसऱ्या आवाजानंतर परीक्षार्थीने तिसरा पर्याय निवडला, जो बरोबर होता. मग परदेशी भाषेत कुणाला तरी सांगितलं की 'तीन' झाले आहेत, आता बंद करा.

"भाषांतर आम्ही करून घेतलं आहे," बाई म्हणाल्या.

"भाषांतर बरोबर आहे," मी म्हणाले. "बाकी सगळं चूक आहे. बोटं मी हलवलीच नाहीत."

पुढचा कागद उलटल्यासारखा आवाज आला. त्यांनी दोन रस्ते सांगितले. पहिला, मी स्वतःहून निकाल मागे घ्यायचा. मग चौकशी नाही, नोंद नाही, ठरलेली मुदत संपली की पुन्हा परीक्षा. दुसरा, समितीपुढे सुनावणी. समितीने दोषी ठरवलं तर बंदी, आणि आधीच्या सगळ्या परीक्षांचे निकालही तपासायला घेतले जातील.

"ती मुदत किती?"

मुदत महिनाअखेरच्या कितीतरी पुढे जात होती.

मला हसू आलं. जो पेपर मी नुकताच दिला होता, त्यात यावर एक अख्खं प्रकरण आहे. इथले बहुतेक खटले उभेच राहत नाहीत. सरकारी वकील सौदा देतो, थोडा गुन्हा कबूल कर, थोडी शिक्षा घे, खटल्याचा धोका टाळ. पुस्तकात असंही लिहिलं होतं की ज्यांनी काही केलेलं नसतं तेही पुष्कळदा सही करतात, कारण हरलं तर फार मोठं नुकसान होतं. ते वाचताना मला ती माणसं मूर्ख वाटली होती.

मी घासाघीस करून पाहिली. निकाल मागे घेते, पण पुढच्या आठवड्यात परीक्षा घ्या. तुमच्या केंद्रावर घ्या. तुमच्या समोर बसते, हात टेबलावर ठेवून. बाई म्हणाल्या, नियमात तशी सोय नाही. मग अहवाल लिहिणाऱ्याला समोर आणा, मला त्याला प्रश्न विचारायचेत. "मॅम," त्या म्हणाल्या, "दिस इज नॉट अ कोर्ट." मी म्हणाले, "मग आरोप कशाला ठेवता कोर्टासारखा?" एवढं बोलून मी फोन ठेवला, खरं तर आपटला, पण मोबाइल आपटल्याचा पलीकडे आवाज जात नाही.

रविवारी मुलगी आली. ती फिलाडेल्फियाला जनावरांच्या दवाखान्यात काम करते, इथेच जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत.

"आई, जस्ट टेक द डील."

"का?"

"बिकॉज यू कॅन लूज एव्हरीथिंग! अख्खं वर्ष."

"मी कॉपी केली का?"

"दॅट्स नॉट द पॉइंट."

"मग काय पॉइंट आहे गं?"

तिने बापाकडे पाहिलं. तो मटार सोलत बसला होता, एकदम मन लावून. "पुढच्या जाहिरातीला भर ना अर्ज," तो हळूच म्हणाला. "डिग्री काही पळून जात नाही."

"पुढची जाहिरात कधी निघणार? मी रिटायर झाल्यावर? आणि तुम्ही तर बोलूच नका. तीन म्हणजे किती हे ज्यांना कळत नाही त्यांनी मला सल्ला देऊ नये."

"तीन म्हणजे किती हे तूच ओरडून सांगितलंस, म्हणून तर हे झालं," तो मटारांना उद्देशून म्हणाला.

मुलगी हसली. मी हसले नाही. रात्री नवऱ्याला झोप लागली, मला नाही. सकाळी उठून मी सुनावणीचा फॉर्म भरला, आणि त्यात स्पष्ट लिहिलं की बोटांनी कोणतीही खूण मी केलेली नाही.

सुनावणी व्हिडिओवरच होती. समितीत तिघं. मध्ये टाय लावलेले वयस्कर अध्यक्ष, त्यांच्या एका बाजूला आखूड पांढऱ्या केसांच्या एक बाई, दुसऱ्या बाजूला एक चष्मेवाला तरुण, जो सगळं टिपून घेत होता. अध्यक्षांनी सुरुवातीलाच सांगितलं की अर्धा तास आहे. नवऱ्याला मी स्वयंपाकघरात उभं राहायला सांगितलं होतं. कुकर भरून मंद गॅसवर ठेवला होता. कॅलेंडर या वेळी भिंतीवर होतं.

मी बोलायला उठले तशी अध्यक्षांनी हात वर केला. आधी रेकॉर्डिंग बघू. ते मला आजवर कुणी दाखवलं नव्हतं.

स्क्रीनवर मी दिसू लागले. केस मागे बांधलेले, कपाळाला आठ्या. उजवा हात माउसवर, डावा टेबलावर उताणा पडलेला. पहिली शिट्टी. डाव्या हाताचा अंगठा उठला आणि करंगळीच्या खालच्या पेरावर टेकला. दुसरी शिट्टी. मधलं पेर. प्रश्न वाचताना ओठ हलताहेत. तिसरी शिट्टी. वरचं पेर. माउसची टिकटिक. "अहो, तीन झाल्या!"

मी बघत राहिले. हात माझा होता. अंगठ्यावरचा भाजल्याचा डागसुद्धा माझा होता.

"तुम्ही लिहून दिलं आहे की बोटं हलली नाहीत," चष्मेवाला म्हणाला.

"हो."

"आता काय म्हणणं आहे?"

डेस्कवर मी शेकडो माणसांना खोटं बोलताना पकडलंय. कॅमेऱ्यात स्वतःला पाहिल्यावर चेहरा कसा उतरतो ते मला पाठ आहे. तो माझा आता उतरला असणार. आतापर्यंत माझ्या फक्त एका निकालावर संशय होता. त्या एका ओळीने आता मी खोटारडी ठरले होते, आणि खोटारडीचे बाकीचे निकाल कोण खरे मानणार?

"मला कुकर दाखवायचा आहे," मी म्हणाले.

"मॅम, वेळ कमी आहे..."

मी थांबले नाही. लॅपटॉप उचलून स्वयंपाकघरात नेला आणि ओट्यावर डब्याला टेकवून ठेवला, शेगडी आणि नवरा दोघं दिसतील असा. सांगितलं, हा आवाज या भांड्याचा आहे. वाफ साठली की शिट्टी होते. ती कधी होईल हे मी ठरवू शकत नाही, हा माणूसही ठरवू शकत नाही. आता बघा.

आम्ही बघू लागलो. काही झालं नाही. कुकर नुसता फुसफुसत राहिला. झाकणाच्या कडेने वाफ येत होती. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अहो, गॅस मोठा करा!"

"आत्ता काय म्हणालात?" चष्मेवाल्याने लगेच विचारलं, पेन वर करून.

"गॅस मोठा करा म्हणाले. लिहून घ्या. याचंही भाषांतर करून घ्या."

नवऱ्याने गॅस मोठा केला. कुकर थरथरला, परत गप्प झाला. घरातला कुकर माझ्याविरुद्ध साक्ष द्यायला उभा राहिलाय असं वाटलं. नवऱ्याने चमच्याच्या दांड्याने शिट्टीला हळूच टोचलं, मी डोळे मोठे केले, तो मागे झाला. आणि मग झाली. एवढ्या जोरात झाली की अध्यक्ष खुर्चीत दचकले.

मी बोलू लागले. दाब, वाफ, तीन शिट्ट्यांत डाळ शिजते, बंद न केल्यास करपते. दुसरी शिट्टी झाली. तेवढ्यात पांढऱ्या केसांच्या बाई पुढे झुकल्या.

"सर. हात हलवू नका प्लीज. तसाच राहू द्या."

त्या माझ्या नवऱ्याशी बोलत होत्या. तो जागच्या जागी थिजला.

"तुम्ही अंगठ्याने काय करताय?"

"मी? नथिंग," तो म्हणाला.

त्याचा डावा हात पोटाजवळ होता. अंगठा करंगळीच्या मधल्या पेरावर टेकलेला. त्याने हाताकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, जणू हात मीच तिथे ठेवलाय.

"आणि तुमचाही, मॅम."

मी खाली पाहिलं. माझाही मधल्या पेरावर होता.

"तुम्ही दोघं मोजताय," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू फुटलं. "दोघांनाही पत्ता नाही."

तेव्हा मला शब्द सापडले. एका बोटाला तीन पेरं, आम्ही हातावर असंच मोजतो, पाढे असोत, जप असो, नाहीतर शिट्ट्या. माझी आई असं मोजायची, यांची आईही. ते मोजणं नाहीच, पापणी लवते तसं आहे. म्हणून मी नाही लिहिलं. मला माहीतच नव्हतं.

अध्यक्ष हसले नव्हते. "यावरून इतकंच कळतं की तुम्ही आवाज मोजता," ते म्हणाले. "तीन मोजले आणि तिसरा पर्याय निवडला. ते तसंच राहतं."

"मग मला तो प्रश्न विचारा."

"आता?"

"आता. पर्याय देऊ नका. नुसता प्रश्न विचारा."

चष्मेवाल्याने प्रश्न वाचला. तिसरी शिट्टी झाली. मी सांगितलं की चालक बेड्यांत आहे, गाडीपर्यंत पोहोचू शकत नाही, त्यामुळे पोलिसाच्या सुरक्षेचं कारण संपलं; आता ज्या गुन्ह्यासाठी अटक केली त्याचाच पुरावा गाडीत असेल असं मानायला कारण हवं. बाकीचे तीन पर्याय मला अजून आठवत होते, ते का चूक तेही सांगितलं. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, पेपरबाहेरचा. मग अध्यक्षांनी तिसरा. घराची झडती, भाडेकरूची परवानगी नसताना घरमालक पोलिसांना दार उघडून देऊ शकतो का. चौथी शिट्टी झाली, पाचवी झाली. नवऱ्याने गॅसकडे बोट करून भुवया उडवल्या, बंद करू का? मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो पुन्हा भिंतीला टेकला. डाळ करपल्याचा वास येऊ लागला. मी उत्तर देत राहिले. आवाज चढला होता, पण या वेळी त्याला बूड होतं.

अर्ध्या तासाच्या वर वेळ गेला होता. अध्यक्ष म्हणाले, "तुमचा गॅस बंद करा आता," आणि स्क्रीन काळी झाली.

निर्णय येईपर्यंत मी कुकर घासून घासून तळ पांढरा केला. शेवटी ईमेल आला. निकाल कायम. खाली एक ओळ होती, यापुढे परीक्षेसाठी शांत जागा निवडावी. मी त्या ओळीला उत्तर लिहायला घेतलं होतं. मुलगी त्या दिवशी घरी होती, तिने लॅपटॉप बंद करून स्वतःच्या मांडीवर ठेवला. "नो," ती म्हणाली. "आई, नो."

डिग्रीचा कागद कॉलेज पुढच्या तिमाहीतच छापणार होतं. मी त्या कंटाळलेल्या ॲडव्हायझरला फोन केला आणि सांगितलं की सगळ्या अटी पूर्ण झाल्याचं पत्र मला या आठवड्यात हवं. तो म्हणाला, तसं पत्र सहसा देत नाहीत. मी म्हणाले, सहसा म्हणजे देतात. पत्र दोन दिवसांत आलं. महिना संपायला थोडाच अवकाश होता.

डायरेक्टरने ते दोनदा वाचलं. "वर्षभरात? कसं काय?"

"परीक्षा देऊन."

"म्हणजे वर्गात बसलीच नाहीस?"

"जे येत नव्हतं ते शिकले. जे येत होतं त्यासाठी बसले नाही. कागदावर कुठे लिहिलंय की बसायला हवं?"

"नाही, नाही. चालतं." त्याने पत्र फाइलला लावलं. मुलाखत झाली, आणखी दोघं उमेदवार होते. पुढच्या आठवड्यात त्याने मला परत बोलावलं आणि हात पुढे केला. मी हात मिळवला, पण खुर्चीतून उठले नाही.

"शिफ्ट कुठली?" मी विचारलं.

"नवीन सुपरवायझरला नाइट्स असतात."

"नाइट्स मी डेस्कवर पुष्कळ केल्या."

"सीनिऑरिटीचा नियम आहे. इतर सुपरवायझर तुझ्या आधीचे आहेत."

"आधीचे कसे? त्यांच्यातल्या एकाला मी शिकवलंय."

त्याने शिफ्टचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाला, सोमवार ते शुक्रवार दिवस, पण शनिवारची रात्र माझी. मी रविवार सकाळ देऊ केली. त्याने नकारार्थी मान हलवली. मी दर दुसरा शनिवार म्हणाले. त्याने पुन्हा मान हलवली, आणि या वेळी तो हसतही नव्हता.

मी सही केली. बाहेर कॉरिडॉरमध्ये तो बुटांना पॉलिश करणारा भेटला, हातात कॉफी. "अभिनंदन," तो म्हणाला. "मला तर वाटायचं तुम्हाला डिग्री आहेच, तुम्ही मुद्दाम अर्ज करत नाही."

"तुला शनिवारी रात्र असते का रे?" मी विचारलं.

"नाही. का?"

"काही नाही," मी म्हणाले आणि नवा बॅज घ्यायला खाली गेले.